गाणे पहिले आले, पण मोजले कोणी?

१.
२२ जून १९९१. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या अल्बमच्या यादीत त्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर होता ‘एन. डब्ल्यू. ए.’ हा रॅप गट. कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन शहरातून पुढे आलेला, पोलिसांवर जळजळीत शब्दांत तुटून पडणारा. रेडिओ केंद्रे त्याची गाणी वाजवायला धजत नसत. असा अल्बम यादीच्या शिखरावर पोहोचेल, अशी कल्पना महिनाभरापूर्वी संगीतव्यवसायात फार थोड्यांनी केली असती. मग अमेरिकेची आवड एका महिन्यात पालटली का? आवड होती तशीच होती. पालटली होती ती मोजणीची पद्धत. लोकप्रिय गाण्यांच्या यादीत कोण मोजले गेले आणि कोण मोजणीबाहेर राहिले, त्याचा हा इतिहास.

२.
‘बिलबोर्ड’चा जन्म १८९४ साली सिनसिनाटी शहरात झाला, तेव्हा त्याचा गाण्यांशी काही संबंध नव्हता. भिंतींवर जाहिराती चिकटवणाऱ्यांच्या व्यवसायाचे ते पत्र होते; नावातच जाहिरातफलक आहे. पुढे सर्कस, जत्रा, नाटके असे करत ते करमणुकीच्या धंद्याचे मुखपत्र बनले. त्या काळी गाण्याचे यश मोजले जाई ते छापील स्वरलिपीच्या खपावरून. लोक दुकानातून स्वरलिपी विकत आणत आणि घरी पियानोवर गाणे वाजवत. साहजिकच, ज्याच्या घरी पियानो होता त्याचीच आवड हिशेबात येई.

३.
१९३५ साली अमेरिकी रेडिओवर ‘युअर हिट परेड’ हा कार्यक्रम सुरू झाला. आठवड्यातील सर्वाधिक लोकप्रिय गाणी त्यात क्रमाने सादर होत. मूळ तबकडी मात्र वाजत नसे; कार्यक्रमाचे स्वतःचे गायक आणि वाद्यवृंद ती गाणी नव्याने गात-वाजवत. प्रायोजक होता ‘लकी स्ट्राइक’ हा सिगारेटचा ब्रँड. क्रम नेमका कसा ठरतो, हे श्रोत्यांना कधीच सविस्तर सांगितले गेले नाही. तरीही लाखो लोक दर आठवड्याला श्वास रोखून पहिल्या क्रमांकाची वाट पाहत. यादीचे बलस्थान या पहिल्याच टप्प्यावर दिसते: हिशेब झाकलेला असला तरी क्रमांक लोकांना खरा वाटतो.

४.
२७ जुलै १९४० रोजी ‘बिलबोर्ड’ने दुकानांतील तबकड्यांच्या विक्रीवर आधारलेली पहिली राष्ट्रीय यादी छापली. गाणी दहा. पहिल्या क्रमांकावर टॉमी डॉर्सी यांच्या वाद्यवृंदाची तबकडी होती आणि तिच्यात गाणारा पंचविशीतील तरुण होता फ्रँक सिनात्रा. ते गाणे रूथ लोव या कॅनेडियन स्त्रीने पतीच्या निधनानंतर लिहिले होते. एका तरुण विधवेचे दुःख सलग बारा आठवडे देशाच्या शिखरावर राहिले. यादीचा पाया आता बदलला होता. केवळ गाण्याला मिळणारा मान या यादीत विशिष्ट आवाजाला, विशिष्ट ध्वनिमुद्रणाला मिळू लागला.

५.
पण ही यादी ‘राष्ट्रीय’ कितपत होती? १९४२ मध्ये ‘बिलबोर्ड’ने कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठी वेगळी यादी काढली आणि तिला न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तीचे नाव दिले. १९४५ पासून त्या यादीच्या नावात थेट ‘रेस’ हा शब्द आला. वंशावरून संगीताची विभागणी आता छापील शीर्षकातच दिसू लागली. १९४९ मध्ये साप्ताहिकातील तरुण पत्रकार जेरी वेक्सलर यांच्या सूचनेवरून तिचे नाव ‘रिदम अँड ब्लूज’ झाले. नाव सभ्य झाले, पण यादी वेगळीच राहिली. गोऱ्यांची यादी नुसती ‘लोकप्रिय’. इतरांच्या लोकप्रियतेला विशेषण लावावे लागे.

६.
या विभागणीची किंमत प्रत्यक्ष पैशांत मोजावी लागे. १९५५ मध्ये फॅट्स डॉमिनो या न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय गायकाचे ‘एन्ट दॅट अ शेम’ हे गाणे ‘रिदम अँड ब्लूज’ यादीत अकरा आठवडे पहिले होते. त्याच वर्षी पॅट बून या गोऱ्या गायकाने तेच गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले. मुख्य यादीत बून यांची तबकडी पहिल्या क्रमांकावर गेली. डॉमिनो यांची मूळ तबकडी दहाव्या क्रमांकावर थांबली. गाणे एकच, वर्ष एकच. गोऱ्या श्रोत्यांच्या रेडिओ केंद्रांवर कोणाची तबकडी वाजणार आणि कोणत्या दुकानांत ती ठेवली जाणार, यावर क्रमांक ठरत होता.

७.
अटलांटिकच्या पलीकडे, ब्रिटनमध्ये, विक्रीवर आधारलेली पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकात छापली गेली. तिच्यामागची यंत्रणा म्हणजे एक टेलिफोन आणि पर्सी डिकिन्स नावाचा गृहस्थ. त्याने सुमारे वीस दुकानांना फोन करून कोणत्या तबकड्या अधिक खपल्या ते विचारले आणि बेरीज केली. पहिल्या क्रमांकावर आले अल् मार्टिनो. या नव्या सदरामुळे जाहिरातदार साप्ताहिकाकडे वळतील, हाही त्यामागचा एक हिशेब होता. ब्रिटनच्या लोकप्रिय संगीताचा इतिहास आज या यादीपासून मोजला जातो. तिची सुरुवात वीस दुकानदारांच्या शब्दावर झाली.

८.
त्यानंतर अवघ्या एकोणीस दिवसांनी, ३ डिसेंबर १९५२ रोजी, कोलंबोच्या रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ प्रसारित झाली. त्यामागे एक सरकारी निर्णय होता. केंद्रीय माहिती व नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते. हिंदी चित्रपटगीतांमुळे अभिरुची बिघडते, असे त्यांचे मत होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मात्र रेडिओची खुंटी फिरवून सिलोन लावले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या तेथील शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपकामुळे कोलंबोचा आवाज भारतभर ऐकू येई.

९.
अमेरिकेत सिगारेटने जे केले, ते येथे दंतमंजनाच्या कंपनीने केले. ‘बिनाका’ हे टूथपेस्टचे नाव. निवेदक अमीन सयानी तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. सुरुवातीला कार्यक्रमात सात गाणी कोणत्याही क्रमाने वाजत. श्रोत्यांनी लोकप्रियतेचा क्रम लावून पत्राने कळवायचा आणि बक्षीस जिंकायचे. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, असे सयानी सांगत. इतकी पत्रे तपासणे अशक्य झाल्यावर स्पर्धा थांबली आणि कार्यक्रमच क्रमवारीचा झाला. ‘पायदान’ आणि ‘सरताज गीत’ हे शब्द घरोघरी गेले.

१०.
गीतमालेचा क्रम दोन गोष्टींवर ठरे: निवडक दुकानांतील तबकड्यांची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांचा कौल. पन्नासच्या दशकात तबकडी विकत घेणे ही सुखवस्तू घरांचीच मिजास होती. श्रोता संघ मात्र एका पोस्टकार्डावर उभे राहत. अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले झुमरी तिलैया हे तेव्हाच्या बिहारमधील गाव रेडिओकडे येणाऱ्या फर्माइशींमुळे देशभर माहीत झाले, ते या पोस्टकार्डांच्या बळावर. त्याच वेळी या यादीला मर्यादाही होती. ती हिंदी चित्रपटगीतांची यादी होती. मराठी भावगीत, लावणी किंवा भजन महाराष्ट्रात कितीही गायले गेले, तरी तिच्या हिशेबात ते येणार नव्हते. आकाशवाणीने १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू केली; सिलोनकडे वळलेल्या श्रोत्यांनी दिलेला हा एक प्रकारचा निकालच होता.

११.
अमेरिकेत तोवर दुकानांची, ज्यूकबॉक्सची आणि रेडिओवरील वादनाची अशा वेगवेगळ्या याद्या होत्या. ४ ऑगस्ट १९५८ रोजी विक्री आणि रेडिओवादन यांची सांगड घालणारी ‘हॉट हंड्रेड’ ही यादी आली; पहिले पहिले स्थान रिकी नेल्सन यांना मिळाले. पण रेडिओवरील वादन मोजायचे ठरले की वादनच विकत घेता येते. ध्वनिमुद्रण कंपन्या निवेदकांना पैसे आणि भेटी देऊन गाणी वाजवून घेत. या प्रकाराला ‘पेओला’ म्हणत. १९५९-६० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने त्याची चौकशी केली आणि १९६० मध्ये कायदा झाला. रॉक अँड रोल घरोघरी पोहोचवणारे निवेदक अॅलन फ्रीड यांची कारकीर्द या प्रकरणात संपली.

१२.
कायद्यानंतरही दुकानांची मोजणी ढिलीच राहिली. ‘बिलबोर्ड’चे लोक ठरलेल्या दुकानांना फोन करत. समोरचा कर्मचारी खपाचा आकडा सांगत नसे. काय जास्त खपले याचा क्रम तो आठवणीने सांगे. त्यात त्याची स्वतःची आवड मिसळे, कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेल्या मोफत तबकड्यांची आठवणही मिसळे. शहरातील तरुण कर्मचाऱ्याला रॉक महत्त्वाचे वाटे. ग्रामीण भागात खपणारे कंट्री संगीत आणि कृष्णवर्णीय वस्त्यांत खपणारे रॅप त्याला कमी महत्त्वाचे वाटे. तीस वर्षे अमेरिकेची आवड अशी आठवणीच्या चाळणीतून गाळली जात होती.

१३.
ही चाळणी मोडली ती एका काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या चौकोनाने. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावी एका किराणा दुकानात च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला. पुढे हाच बारकोड कॅसेट आणि सीडीवरही आला. मायकेल फाइन आणि माइक शॅलेट यांनी ‘साउंडस्कॅन’ ही व्यवस्था उभारली. दुकानाच्या गल्ल्यावर वाचला गेलेला प्रत्येक बारकोड थेट मोजणीत जाऊ लागला. २५ मे १९९१ च्या अंकापासून ‘बिलबोर्ड’च्या अल्बम यादीने ही पद्धत स्वीकारली. आता कोणाला काही आठवावे लागणार नव्हते.

१४.
परिणाम काही आठवड्यांतच दिसला. एन. डब्ल्यू. ए. आधी दुसऱ्या आणि लगेच पुढच्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर पोहोचले. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्स यांचा अल्बम प्रवेश करतानाच पहिला आला. कंट्री संगीतात हे पूर्वी कधी घडले नव्हते. जानेवारी १९९२ मध्ये सिअॅटल परिसरातील ‘निर्वाना’ या गटाने मायकेल जॅक्सनला पहिल्या स्थानावरून खाली आणले. या संगीताचे श्रोते आधीपासून होते, पैसे मोजून अल्बम घेतही होते. त्यांच्या खरेदीची नोंद मात्र आता होऊ लागली. क्रमांक दिसल्यावर कंपन्यांनी पैसा तिकडे वळवला, दुकानांनी जागा दिली, रेडिओनेही नाइलाजाने दार किलकिले केले.

१५.
इतिहासाच्या अभ्यासकासाठी येथे एक मोलाचा धडा आहे. २०१५ मध्ये लंडनमधील संशोधकांनी १९६० ते २०१० या काळातील ‘हॉट हंड्रेड’मधल्या सुमारे १७,००० गाण्यांचे संगणकाने विश्लेषण केले. त्यांना तीन मोठी स्थित्यंतरे आढळली: १९६४, १९८३ आणि १९९१. सर्वांत मोठे १९९१ चे, रॅपच्या उदयाचे. आता हे लक्षात घ्यावे की ‘हॉट हंड्रेड’ची मोजणीही ३० नोव्हेंबर १९९१ च्या अंकापासून बदलली. संगीतात बदल झाला होता हे खरेच. पण साधन त्याच वर्षी बदलले असेल, तर बदलाचा किती वाटा कानांचा आणि किती मोजपट्टीचा, हे वेगळे काढावे लागते. बखर वाचताना ती कोणी, कोणासाठी लिहिली हे विचारायचे असते. यादीलाही तोच प्रश्न विचारावा लागतो.

१६.
अचूक यंत्र आले तरी नियम माणसेच करत होती. ‘हॉट हंड्रेड’मध्ये यायचे तर गाणे स्वतंत्र एकल म्हणून दुकानात विकायला असले पाहिजे, असा नियम १९९८ च्या डिसेंबरपर्यंत होता. लोकांनी अख्खा अल्बम घ्यावा म्हणून कंपन्या मुद्दाम एकल काढत नसत. त्यामुळे ‘नो डाउट’ या गटाचे ‘डोन्ट स्पीक’ हे गाणे रेडिओवादनाच्या यादीत सोळा आठवडे पहिले राहिले आणि ‘हॉट हंड्रेड’मध्ये एकदाही दिसले नाही. मराया कॅरीच्या १९९४ मधल्या नाताळच्या गाण्याचीही तीच गत झाली. ते पहिल्या क्रमांकावर आले डिसेंबर २०१९ मध्ये, तब्बल पंचवीस वर्षांनी.

१७.
पंचवीस वर्षांनी जुने गाणे पहिले कसे येते? कारण यादी आता खरेदीबरोबरच ऐकणेही मोजते. २००५ मध्ये डाउनलोड हिशेबात आले, पुढे स्ट्रीमिंग आले, फेब्रुवारी २०१३ मध्ये यूट्यूब आले. यूट्यूब मोजायला घेतलेल्या पहिल्याच आठवड्यात बाउअर या निर्मात्याचे ‘हार्लेम शेक’ थेट पहिले आले. लोकांनी त्यावर बनवलेल्या हजारो नाचाच्या चित्रफिती जमेस धरल्या गेल्या होत्या. पण प्रत्येक ऐकणे सारखे मानले जात नाही. २०१८ मध्ये ब्रिटनने ठरवले की एका एकलच्या विक्रीबरोबर पैसे भरणाऱ्यांची १०० स्ट्रीम किंवा मोफत ऐकणाऱ्यांची ६०० स्ट्रीम धरावीत. वर्गणी न परवडणाऱ्या मुलाच्या आवडीचे वजन एकषष्ठांश झाले. पियानोच्या काळातील प्रश्न नव्या रूपात परत आला.

१८.
वर्गवारीचा जुना प्रश्नही परत आला. मार्च २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचे ‘ओल्ड टाउन रोड’ हे गाणे कंट्री यादीत आले आणि ‘बिलबोर्ड’ने ते त्या यादीतून काढून टाकले, त्यात आजच्या कंट्री संगीताची लक्षणे पुरेशी नाहीत, असे कारण देण्यात आले. मोठा वाद झाला. बिली रे सायरस या कंट्री गायकाला सोबत घेऊन गाण्याची नवी आवृत्ती निघाली. मूळ गाण्याची लांबी होती १ मिनिट ५३ सेकंद. ते मुख्य यादीत सलग एकोणीस आठवडे पहिले राहिले. हा तेव्हाचा विक्रम होता. २०२४ मध्ये शबूझी या कृष्णवर्णीय गायकाच्या गाण्याने त्या विक्रमाशी बरोबरी केली आणि ते कंट्री यादीतही पहिले आले. १९४९ मध्ये नाव बदललेली भिंत पडायला इतका काळ लागला.

१९.
२०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे केट बुश यांचे १९८५ सालचे ‘रनिंग अप दॅट हिल’ पुन्हा ऐकले जाऊ लागले. ब्रिटनमध्ये जुन्या गाण्यांच्या स्ट्रीमना कमी वजन देण्याचा नियम आहे, नव्या गाण्यांना जागा मिळावी म्हणून. तो तसाच लागू राहिला असता तर हे गाणे वर येणे कठीण होते. यादी चालवणाऱ्या संस्थेने या गाण्यापुरता तो शिथिल केला आणि १९८५ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर थांबलेले गाणे ३७ वर्षांनी पहिले आले. निर्णय न्याय्यच होता. तरीही तो एका कार्यालयात घेतलेला निर्णय होता, हे विसरता येत नाही.

२०.
पेओलाचा वारसाही संपलेला नाही. जुलै २०१९ मध्ये भारतीय रॅपर बादशाह यांच्या ‘पागल’ या गाण्याला २४ तासांत सुमारे साडेसात कोटी वेळा पाहिले गेल्याचा दावा झाला. त्यात जाहिरातींतून मिळालेल्या दर्शनांचा वाटा होता. जाहिरात देणे ही या व्यवसायातील सर्रास चालणारी पद्धत होती. यूट्यूबने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम बदलला आणि पहिल्या २४ तासांच्या विक्रमासाठी जाहिरातींतून आलेली दर्शने धरणे थांबवले. १९६० मध्ये निवेदकाला दिलेले पाकीट मोजणी बिघडवत होते, २०१९ मध्ये जाहिरातीचे देयक.

२१.
एकूण चित्र असे आहे. पियानोवाल्या घरांपासून बारकोडपर्यंत आणि पोस्टकार्डापासून मोबाइलपर्यंत प्रत्येक यादीने काही लोकांना दृश्य केले आणि काहींना अदृश्य. अदृश्य राहिलेल्यांना मानधन कमी मिळाले, ध्वनिमुद्रणाची संधी कमी मिळाली आणि पुढे इतिहासातही त्यांची जागा आक्रसली. म्हणून या आठवड्याच्या यादीतील पहिले गाणे ऐकताना तीन प्रश्न विचारावेत: कोणाचे ऐकणे मोजले, किती वजनाने मोजले आणि ते गाणे कोणत्या रकान्यात टाकले. गाणे आवडले तर आनंदाने ऐकावे. क्रमांक मात्र एखाद्या दस्तऐवजासारखा तपासूनच वाचावा.